रोटरी पॉलिश मशीनवरून ड्युअल ॲक्शनकडे जाताना : इंदूरच्या वर्कशॉपसाठी सल्ला हवा

रामबागकर, इंदूर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. देवास नाक्याजवळ आमचे डेंटिंग-पेंटिंगचे वर्कशॉप आहे. पॉलिशसाठी तेथे आजवर रोटरी मशीनच, म्हणजे ज्याचे पॅड एका जागी गरगर फिरते ते, वापरले गेले. सध्याचे मकिताचे १२०० वॅटचे मशीन अजूनही उत्तम चालते, कार्बन ब्रश बदलण्यापलीकडे त्याने कधी खर्च मागितलेला नाही, आणि कारागिरांचा हातही त्यावर पक्का बसलेला आहे. त्यामुळे केवळ बाजारात नवे आले म्हणून जुने काढावे, असा माझा विचार नाही.

कारण वेगळे आहे. पूर्वी पॉलिश हा रंगकामाचा शेवटचा टप्पा असे. आता बरेच ग्राहक फक्त पॉलिश आणि त्यावर सिरॅमिक कोटिंग करून घेण्यासाठी येतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या गाड्या काळ्या किंवा गडद निळ्या असतात. अशा गाडीवर आधी लोकरीचे पॅड आणि मग फोमचे पॅड फिरवले की शेडमध्ये ती निर्दोष दिसते. मात्र विजयनगरच्या चौकात दुपारच्या उन्हात उभी राहिली की मशीन ज्या वाटेने गेले त्या वाटेने वळणारे उजेडाचे पट्टे, म्हणजे आपण ज्यांना होलोग्राम म्हणतो ते, बॉनेटवर उमटून येतात. त्यावर कोटिंग चढलेले असेल, तर पट्टे काढण्यासाठी ते कोटिंगच घासून काढावे लागते आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

म्हणून ड्युअल ॲक्शन मशीन, म्हणजे ज्याचे पॅड लहान वर्तुळांत हलता हलता स्वतःभोवतीही फिरते ते, घ्यावे, असे मनात आहे. २१ मिलिमीटर थ्रोचे (थ्रो म्हणजे त्या लहान वर्तुळाचा व्यास) घ्यावे की १५ चे, गिअरवर चालणारे घ्यावे की मोकळे फिरणारे, आणि बॅटरीवरच्या मशीनवर दिवसभराचे काम भागते का, हे ज्यांनी स्वतः वापरले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे.


मांडवीकर, वडोदरा

रामबागकर दादा, मी मकरपुऱ्याकडे फक्त डिटेलिंगचे, म्हणजे गाडीची सफाई, पॉलिश आणि कोटिंगचे, काम करतो आणि हा बदल आमच्याकडे होऊन बराच काळ झाला आहे. आपल्या अडचणीवर ड्युअल ॲक्शन हा खरा उपाय आहे, असे मी निःशंकपणे सांगेन. मात्र तो वेगासाठी घेऊ नका. खोल ओरखडा काढण्याच्या बाबतीत सराईत हातातले रोटरी आजही पुढे आहे. नव्या मशीनचा लाभ असा की शेवटचा हात देताना पट्टे राहण्याची भीती जवळजवळ संपते, आणि नवा मुलगासुद्धा थोड्या शिकवणीनंतर बॉनेट किंवा दरवाजा निर्धास्तपणे करू शकतो. आमच्याकडे रोटरी एकाच माणसाच्या हाती द्यावे लागे आणि तो रजेवर गेला की काम थांबे. ही अडचण आता उरलेली नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मशीन बदलले आणि कंपाउंड (ओरखडे घासून काढणारा लेप) व पॅड जुनेच ठेवले, तर निकाल निराश करणारा येतो. रोटरीच्या उष्णतेवर आणि दाबावर बारीक होत जाणारे जुन्या धाटणीचे कंपाउंड ड्युअल ॲक्शनवर पुरते फुटत नाही आणि पृष्ठभागावर धूसर झाक सोडते. खर्च ठरवताना मशीन, पॅड आणि कंपाउंड या तिन्हींचा एकत्र हिशेब करावा.


पीथमपूर पेंटशॉप

मी पीथमपूरला एका कारखान्याच्या रंग विभागात काम करतो. पॉलिश हा माझा व्यवसाय नाही, पण ज्या थरावर आपण सर्व काम करता तो थर रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

होलोग्राम का पडतात, हे साध्या गणिताने कळते. १५० मिलिमीटर व्यासाचे पॅड रोटरीवर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेवरचा बिंदू मिनिटाला सुमारे ७०० मीटर अंतर कापतो आणि मध्यबिंदू जागेवरून हलतही नाही. म्हणजे एकाच पॅडखाली एका जागी प्रचंड घर्षण आणि दुसऱ्या जागी जवळजवळ काहीच नाही. कारागीर पॅड किंचित कलते धरतो तेव्हा सगळा जोर एका कडेवर येतो, आणि त्या कडेने उठवलेले अतिसूक्ष्म ओरखडे एकाच दिशेने, एकाच वळणाने रांगेत पडतात. दिशा एक असल्यामुळे ते प्रकाशही एकाच दिशेने परतवतात, आणि डोळ्याला तो सरकणारा पट्टा दिसतो.

२१ मिलिमीटर थ्रोच्या मशीनमध्ये पॅडवरचा प्रत्येक बिंदू २१ मिलिमीटर व्यासाच्या लहान वर्तुळात फिरतो, म्हणजे एका फेरीत सुमारे ६६ मिलिमीटर अंतर कापतो. मिनिटाला ४००० फेऱ्या धरल्या तर हे अंतर सुमारे २६५ मीटर होते, आणि ते मध्यावर व कडेला सारखेच असते. १५ मिलिमीटर थ्रोला एका फेरीचे अंतर सुमारे ४७ मिलिमीटर येते, तर ८ मिलिमीटरला सुमारे २५. याखेरीज पॅड स्वतःभोवती संथ गतीने फिरत राहते, त्यामुळे कोणताही कण त्याच वाटेने पुन्हा जात नाही आणि ओरखड्यांना एक दिशा मिळत नाही. रोटरीच्या डायलवरचा आकडा आणि ड्युअल ॲक्शनच्या डायलवरचा आकडा यांची तुलना करू नये, हेही यावरून स्पष्ट व्हावे. पहिला आकडा पॅडच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्यांचा आहे आणि दुसरा त्या लहान वर्तुळांचा.

आता थराविषयी. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा असतो, आणि पॉलिश करताना आपण जे काही काढतो ते त्यातूनच काढतो. उन्हातील अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. जोरदार कंपाउंडिंगच्या एका फेरीत काही मायक्रॉन सहज जातात. दर दिवाळीला गाडी अशी घासली गेली, तर काही वर्षांत छतावर आणि बॉनेटवर क्लिअर कोट पांढरा पडून सोलू लागतो, आणि तेव्हा पुन्हा रंग देण्यावाचून मार्ग राहत नाही. मशीन कितीही नवे असले तरी हा साठा वाढत नाही.


लष्करकर, ग्वाल्हेर

माझे सारे आयुष्य स्प्रेगन आणि रोटरी यांच्यासोबत गेले आहे आणि आता मुलगा काम पाहतो, तेव्हा दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. रामबागकरांचे वर्कशॉप मुळात रंगकामाचे आहे. नवा रंग दिल्यावर धूळ बसलेली असते, संत्र्याच्या सालीसारखा पोत आलेला असतो, आणि तो १५०० किंवा २००० नंबरच्या पाणपेपरने सपाट करावा लागतो. त्या पेपरचे घासे लोकरीच्या पॅडने आणि रोटरीने जितक्या लवकर व जितक्या स्वच्छ निघतात, तितके मोकळ्या फिरणाऱ्या मशीनने निघत नाहीत. पेपर ३००० पर्यंत नेला तर निघतात, हे मान्य आहे, पण मग तो वेळ पेपर मारण्यात जातो.

दुसरे असे की होलोग्रामचा सगळा दोष मशीनवर टाकणे मला पटत नाही. पॅड सपाट धरले, वेग १००० च्या आसपास उतरवला, मऊ फोम आणि बारीक पॉलिश घेतले, आणि शेवटच्या फेऱ्यांत मशीनचे केवळ स्वतःचे वजन राहू दिले, तर रोटरीनेही स्वच्छ काम होते. त्यासाठी हात घडवावा लागतो, आणि हात घडवायला आज कोणी थांबत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.


रामबागकर, इंदूर (धागाकर्ता)

काका, आपले म्हणणे मी शिरोधार्य मानतो. रंगकामासाठी रोटरी राहीलच. प्रश्न फक्त शेवटच्या हाताचा आणि कोटिंगच्या गाड्यांचा आहे, कारण तेथे ग्राहक गाडी उन्हात उभी करून मोबाईलचा टॉर्च लावून पाहतो.

पीथमपूरच्या साहेबांनी दिलेले गणित कारागिरांना वाचून दाखवले. कडेवरचा वेग आणि मधला शून्य वेग ही गोष्ट त्यांना लगेच पटली, कारण बंपरच्या कडा आणि दरवाज्याच्या घड्या कशाने जळतात, हे त्यांना अनुभवाने माहीत आहेच.

मांडवीकर, एका व्यापाऱ्याने मला २१ मिलिमीटरचे मशीन दाखवले. सपाट बॉनेटवर ते सुरेख चालले, पण फेंडरच्या वळणावर नुसते थरथरत राहिले आणि पॅड फिरेनासे झाले. हा मशीनचा दोष समजावा का?


मांडवीकर, वडोदरा

दोष नाही, तो मोकळ्या फिरणाऱ्या रचनेचा स्वभाव आहे. या मशीनमध्ये मोटर फक्त ती लहान वर्तुळे काढते. पॅडचे स्वतःभोवती फिरणे बेअरिंगवर सोडलेले असते, आणि वळणावर किंवा कडेवर दाब एका बाजूला आला की ते थांबते. पॅड थांबले की घासणे जवळजवळ बंद होते, मशीन मात्र आवाज करीत राहते, आणि कारागिराला काम चालू असल्याचा भास होतो. यावर उपाय सोपा आहे: बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या तबकडीवर बसते तिच्या, कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे. ती एका जागी थबकली तर दाब कमी करावा किंवा पॅड सपाट करावे. नव्या मुलांना मी आधी ही रेघ पाहायला शिकवतो, वेग आणि दाब त्यानंतर.

आता निवडीविषयी. मोठ्या थ्रोची ही पद्धत इटलीच्या रुपेस कंपनीच्या बिगफूट मशीनांमुळे सर्वत्र पोहोचली. त्यांच्या २१ मिलिमीटरच्या मशीनला १५० मिलिमीटरची बॅकिंग प्लेट येते आणि १५ मिलिमीटरच्या मशीनला १२५ ची. आज अनेक कंपन्या याच मापांची मशीने काढतात, तेव्हा हे माप लक्षात ठेवणे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या लहान किंवा मध्यम आहेत, त्यांच्या दारांना घड्या आहेत, बंपर वळणदार आहेत आणि मोठा सपाट भाग म्हणजे छत आणि बॉनेट एवढाच. म्हणून एकच मशीन घ्यायचे असेल, तर १५ मिलिमीटरचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या एसयूव्ही रोज येत असतील तर पुढे २१ चे जोडावे.

गिअरवर चालणारे मशीन हा तिसरा मार्ग. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे ८ मिलिमीटरचे आणि रुपेसचे ५ मिलिमीटरचे अशी दोन मी चालवून पाहिली आहेत. यांत पॅडला फिरण्याची सक्ती असते, त्यामुळे वळणावर ते थांबत नाही आणि ओरखडा काढण्याची ताकद रोटरीच्या जवळ जाते. पण ते हातातून एका बाजूला खेचते, उष्णताही अधिक होते, आणि दिवसभर चालवल्यावर मनगट दुखते. लष्करकर काकांसारखा घडलेला हात असेल तर ते मशीन आवडेल. ज्याच्याकडे रोटरी आधीच आहे, त्याने मात्र पहिला पैसा मोकळ्या फिरणाऱ्या मशीनवर खर्च करावा, कारण रोटरीला जे जमत नाही ते हेच मशीन करते.

थरथरीविषयी एक बारकावा सांगायला हवा. या मशीनच्या आत तोल साधणारे वजन असते, आणि ते ठरावीक आकाराच्या व वजनाच्या पॅडसाठी बसवलेले असते. १२५ च्या प्लेटवर जाडजूड मोठे पॅड किंवा कंपाउंडने चिंब झालेले पॅड लावले की तोल बिघडतो, हाताला झिणझिण्या येतात आणि बेअरिंगही लवकर जाते. मशीन थरथरते अशी तक्रार आली, की मी आधी पॅड तपासतो.


सुदामानगर, इंदूर

मी व्यावसायिक नाही. स्वतःची गाडी घरी जपण्याची आवड आहे, एवढ्याच अधिकाराने लिहितो. माझा भाचा अमेरिकेतून येताना तिकडचे ड्युअल ॲक्शन मशीन आणू शकतो आणि ते तेथे बरेच स्वस्त पडते. ते येथे चालेल का?

आणखी एक विचारायचे आहे. आमच्याकडे बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली जाते आणि काचेवर व बॉनेटवर पांढरे गोल डाग राहतात. ते नव्या मशीनने निघतील का?


पीथमपूर पेंटशॉप

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट असते आणि आपल्याकडे २३०. तिकडची मोटर थेट आपल्या सॉकेटला जोडली तर ती जळेल. व्होल्टेज उतरवणारा, मशीनच्या वॅटपेक्षा ऐपत अधिक असलेला ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावा लागतो. तो जड असतो, आणि मशीन बिघडल्यास येथे त्याची वॉरंटीही बहुधा कामी येत नाही. २३० व्होल्टचेच मशीन घ्यावे.

पाण्याच्या डागांसाठी लगेच मशीनकडे वळू नका. ते पाण्यातील क्षार असतात. ताजे असतील तर सौम्य आम्लयुक्त वॉटर स्पॉट रिमूव्हरने विरघळतात आणि क्लिअर कोट जराही खर्ची पडत नाही. डाग उन्हात भाजून पृष्ठभागात खड्डा पडला असेल तरच पॉलिश करावे. गाडी सावलीत धुऊन लगेच मायक्रोफायबरने कोरडी केली, तर बहुतेक त्रास मुळातच टळतो.


रामबागकर, इंदूर (धागाकर्ता)

बॅटरीच्या मशीनविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. वायरची कटकट नको, ती वायर रंगावर घासली जाते, आणि दुपारी वीजही जाते, म्हणून मला तो विचार आकर्षक वाटतो.


मांडवीकर, वडोदरा

वायर खांद्यावरून मागे टाकली की ती रंगाला लागत नाही. बॅटरीचा हिशेब मात्र कागदावर मांडून पाहा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. मशीनने कंपाउंडिंगच्या दाबाखाली ३०० वॅट घेतले, तर एक बॅटरी फार तर १८ मिनिटे पुरते. संपूर्ण गाडीचे दोन टप्प्यांचे काम कित्येक तास चालते. म्हणजे बॅटऱ्यांचा एक जथ्थाच लागतो. शिवाय मे महिन्यात तापलेली बॅटरी चार्जरवर ठेवली, तर ती थंड होईपर्यंत बरेचसे चार्जर तिला घेतच नाहीत. मोठ्या कामासाठी वायरचेच मशीन घ्यावे. आरशाचे कव्हर, दाराच्या मुठीमागची जागा, बंपरच्या खाचा आणि खांब यांसाठी ५० किंवा ७५ मिलिमीटर पॅडचे लहान बॅटरी मशीन मात्र अतिशय उपयोगी आहे. तेथे काम मिनिटांचे असते आणि वायर खरोखर आड येते.


लष्करकर, ग्वाल्हेर

पीथमपूरच्या साहेबांनी थराची जाडी सांगितली ती वाचून विचारतो. मशीनवर इतका खर्च करण्यापूर्वी जाडी मोजण्याचे मीटर घ्यावे, असे आपल्याला वाटत नाही का? आमच्या काळी आम्ही बोटाने टिचकी मारून पुटी, म्हणजे रंगाखाली खड्डे भरणारा लेप, ओळखत असू, पण क्लिअर कोट किती उरला आहे, हे टिचकीने कळत नाही.


पीथमपूर पेंटशॉप

काका, आपण नेमक्या जागी बोट ठेवले. हे मीटर पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चालते आणि काही सेकंदांत आकडा देते. ९० ते १४० च्या दरम्यान आकडा आला तर रंग बहुधा मूळचा आहे. २०० च्या वर गेला तर पुन्हा रंग दिलेला असण्याची शक्यता मोठी, आणि ५०० च्या वर गेला तर खाली पुटी आहे असे समजून चालावे. शेजारच्या भागांपेक्षा आकडा एकदम खाली असेल, तर तेथे पूर्वी कोणी जोरात घासले आहे आणि तेथे कंपाउंड लावू नये.

दोन मर्यादा ध्यानात असू द्याव्यात. साधे मीटर सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. म्हणून पुन्हा रंगवलेल्या भागावर आकडा मोठा दिसला तरी क्लिअर कोट जाड आहे असे होत नाही. दुसरी मर्यादा प्लास्टिकच्या बंपरची, त्यावर ते चालत नाही. प्लास्टिक उष्णता पसरवत नसल्यामुळे रंग जळण्याचा धोकाही तेथेच सर्वाधिक असतो. तेथे वेग आणि दाब दोन्ही उतरवावेत आणि मधूनमधून हाताच्या पाठीने उष्णता पाहावी.


रामबागकर, इंदूर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निर्णय असा झाला. पहिली खरेदी जाडी मोजण्याच्या मीटरची आणि एका चांगल्या तपासणीच्या दिव्याची. त्यानंतर १५ मिलिमीटर थ्रोचे, २३० व्होल्टचे, वायरचे मशीन, आणि तेही अशा विक्रेत्याकडून, ज्याच्याजवळ कार्बन ब्रश, बॅकिंग प्लेट आणि बेअरिंग इंदुरातच मिळतील. मकिताचे रोटरी रंगकामाच्या बाजूला कायम राहील. गाडी आत आली की प्रत्येक भागाचा आकडा वहीत लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्यायची, आणि जेथे साठा कमी दिसेल तेथे ग्राहकाने आग्रह धरला तरी फक्त बारीक पॉलिशचा एक हात द्यायचा, हेही ठरवले आहे. यामुळे एखादे काम हातचे गेले तरी चालेल.

शेवटची शंका पॅडविषयी आहे. एका गाडीला किती पॅड धरावेत?


मांडवीकर, वडोदरा

मध्यम गाडीला कापणारी चार आणि शेवटच्या हाताची दोन धरून चाला. एकाच पॅडवर अख्खी गाडी ओढली तर ते मधोमध तापून फोम प्लेटपासून सुटू लागतो. दर भागानंतर ब्रशने किंवा कंप्रेसरच्या हवेने पॅड साफ करावे, आणि कंपाउंडचे हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब पुरे समजावेत. साधारण दोन फूट लांबी-रुंदीच्या चौकोनात काम करावे आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवावी. चौकोन झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसून घ्यावा, कारण कंपाउंडमधील तेल पट्टे झाकून ठेवते आणि ते पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा दिसू लागतात. कोटिंग चढवण्यापूर्वी तर ही पुसणी टाळूच नये.


लष्करकर, ग्वाल्हेर

मशीन आले की ते थेट ग्राहकाच्या गाडीवर लावू नका. भंगारातून एखादे काळे बॉनेट आणा, मधोमध मास्किंग टेप लावा, एका बाजूला जुन्या कारागिराला रोटरीने आणि दुसऱ्या बाजूला नव्या मुलाला या मशीनने काम करू द्या. अल्कोहोलने पुसून बॉनेट उन्हात ठेवा आणि दोघांनाही शेजारी उभे करून पाहायला लावा. पुढचे शिक्षण कोठून सुरू करायचे, ते त्या बॉनेटवरूनच ठरवा.


रामबागकर, इंदूर (धागाकर्ता)

काका, बॉनेट उद्याच आणवतो. दोन्ही बाजूंची छायाचित्रे, मीटरच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांसह, याच धाग्यावर टाकीन.